दांडीचे बूट

सहा गुरुवार मिरजेला.
समडोळीची पहिली एसटी, मांडीवर सम्मेद,
पदराला भिजवून सोडवलेल्या प्लास्टरचा
ओल्या चुन्यासारखा वास.

चौथ्या आठवड्यात, मंगळवारी रात्री
बोटं मोजली, तीनच दिसली.
पहाटे नुसता अंगठा.
बाकीची आत गेली होती, गोगलगायीसारखी.
"प्लास्टर घसरलंय. रात्रीच यायचं होतं," डॉक्टर म्हणाले.
सातनंतर आमच्याकडून गाडी नाही,
हे मी सांगितलं नाही.
कापल्यावर टाचेवर लाल चट्टा, रुपयाएवढा.

मग टाचेमागची शीर सोडवली.
टाकासुद्धा नाही. आणखी तीन आठवडे,
आणि पाऊल सरळ.
इतकं सरळ की नणंदेनं हळदीत बुडवून
त्याचा ठसा वहीच्या कागदावर घेतला.

मग ते बूट, मधे पोलादी दांडी.
आधी तेवीस तास, पुढे फक्त झोपेत,
चार वर्षं.
दिवस मावळायच्या आत आमची जेवणं होतात,
भांडी पालथी पडली की
बकलं, छिद्रं, रडणं.
दांडी भिंतीवर ठक् ठक्,
आणि सूतगिरणीतून आलेला त्याचा बाप
उशीखाली डोकं घालून.

पट्ट्याखाली फोड आला.
म्हटलं, बरा होऊ दे.
बरा झाला. म्हटलं, आज पाहुणे आहेत.
मग लग्नसराई.
मग दांडी कपाटावर गेली,
आणि तिच्यावर मी त्याचे मोजे वाळत घातले.

पाऊल बोंब मारत नाही.
रात्री दारं फुटलं की
पाणी जुन्याच पाटानं जातं, तसं
ते आत वळत गेलं.
मला कळलं ते चपलेवरून,
बाहेरची कड झिजलेली
आणि आतली दुकानातल्यासारखी.

"बूट रात्री घालत होता ना?"
मी म्हटलं, हो.
साडेतीन वर्षांचा सम्मेद
टेबलावरून माझ्याकडे बघत राहिला.
त्याला आता सगळं बोलता येतं.
तो काही बोलला नाही.

पुन्हा प्लास्टर. आठवडे मी आता मोजत नाही.
पुन्हा बूट, एक नंबर मोठे.
रात्री तो स्वतःच पाय पुढे करतो,
"आई, तिसरं छिद्र. दुसरं सैल होतं."
झोपेत दांडी भिंतीवर आपटते.
बाप म्हणतो, मधे उशी लाव.
मी लावत नाही.
मला ते ऐकू यायला हवं.