हात सैल सोडा

औषधाच्या दुकानावरचा जिना, सतरा पायऱ्या.
मधी एकदा थांबते.
काचेची पाटी डोक्यावर घेऊन सेलूचा बाजार फिरले
तवा कुठं थांबले नव्हते.
आता गुडघ्यांना त्यांचं मत असतं.

वर निखत. एका पंख्याखाली सहा कॉम्प्युटर.
पाचांवर पोरं. सहावा माहा, भिंतीकडचा,
म्हणजे चुकले तर कुणाला दिसू नये.
असं ती बोलली नाही. मला कळलं.

पहिल्या दिवशी माहा हात माऊसवर बसला
खुडूक कोंबडीसारखा.
बाण पळाला, कोपऱ्यात गेला,
तिथंच थरथरत राहिला.
निखत म्हणाली, मौशी, हात सैल सोडा.

मला हसूच आलं.
पोरी, हे तर माहं वाक्य!
चाळीस वर्षं हेच म्हणत आले
वालूरच्या नवऱ्या पोरींना,
डोहाळजेवणाला बसलेल्यांना, घाबरलेल्या लेकरांना.
हात सैल सोड गं माय, आखडलास की काच टोचती.
अंगठा तळव्यात मुडपायचा,
हाडं हळूच एकाला एक लावायची,
अन् तिला बोलण्यात गुंतवायचं,
माहेर कुठलं, भाऊ किती.
निखतही तेच करती.
मौशी, सगळ्यात पातळ काच कोणती, विचारती,
अन् मी सांगता सांगता
बाण बरोबर जागेवर नेलेला असतो.

मग नाव लिहायचं आलं. प्रयाग.
पहिल्याच अक्षराला घोडं अडलं.
प आला, र आला,
दोघं शेजारी, पण परक्यावाणी.
ती म्हणाली, आधी प चा पाय मोडा, मग र.
म्या पाय मोडला. र गुमान खाली जाऊन बसला.
माह्या नावात एक मोडका पाय हाये
हे एकसष्टाव्या वर्षी कळलं.
शाळा दुसरीपर्यंत.
पुढंही पाटीच होती, पण डोक्यावरची.

फिरोजाबादचे शेठ वारले.
नातू पत्र वाचत नाही.
यादी पाठवा म्हणतो, चौकटीत भरून.
यादी तर तोंडपाठ हाये:
कौसाबाई दुधाटे, अडीच, हिरव्या.
मुक्ता गजमल, सव्वादोन, पण तिला लाल नको,
सासू गेली त्या सकाळी लाल भरल्या होत्या.
हे कुठल्या चौकटीत टाकू?
निखतनं थोडा इचार केला,
अन् शेवटी एक रकाना वाढवला. शेरा.

मंगळवारी नव्वद नावं झाली
अन् कुठं बोट पडलं कुणास ठाऊक,
पडदा पांढरा फटक.
मी उठलेच. चपला शोधायला लागले.
आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत,
वाढवली म्हणतात.
काच खालीच पडलेली असती,
शब्द तेवढा उचलून धरायचा.
निखतनं माह्याकडं बघितलं नाही.
दोन बटणं दाबली, एकदम.
नव्वद बाया परत आल्या
आपापलं माप घेऊन.

म्या म्हणलं, पुन्हा दाखव.
दाखवलं.
पुन्हा.
अकरा वेळा पुसलं, अकरा वेळा आणलं.
दोघींचा चहा गार झाला,
पोरं उठून घरी गेली,
तिनं एकदाही घड्याळ पाहिलं नाही.
एवढी काच विकली मी,
असली दोन बटणं कुण्या व्यापाऱ्यानं दिली नव्हती.

आज ती खाली गेलती, वीजबिलाचं बघायला.
मी एकटीनं यादी उघडली,
कौसाबाई, मुक्ता, सगळ्यांच्या खाली गेले.
निखतचे हात मोकळे असतात,
बांगड्या बटणांवर खडखडतात म्हणती.
माप म्या कवाच नजरेनं घेतलंय.
नि. ख. त.
कुणाचाच पाय मोडावा लागला नाही.
सव्वादोन.
रंगाची चौकट रिकामी ठेवली.
ते तिनं सांगावं.