खोकला

पार्सल आलं तेव्हा माझे हात
एका जळालेल्या मोटारीच्या तांब्यात होते.
म्हणून खोकं कच्छव्यांनी फोडलं.
टेलिफोन खात्यातून रिटायर झालेला माणूस,
दुसऱ्याचं काही उघडायला संकोच नाही.

चाळीस वर्षांनी कंपनीला आठवण झाली
त्या सिनेमाची, जो परभणीत
शुक्रवारी लागला आणि सोमवारी उतरला.
तेवढ्यात आमचे तिकिटाचे पैसे जमले नव्हते.
गाणी नव्हती त्यात. नुसतं मागचं संगीत,
आणि त्याची एकच तबकडी आम्हा सगळ्यांत,
दस्तगीरभाईंनी जालन्याच्या भंगारवाल्याकडून
दोन पायजम्यांच्या शिलाईत सोडवून आणलेली.

नवी जाडजूड, काळीभोर. तीन हजार आठशे रुपये, वर्गणीतून.
कव्हरवर छापलंय, वजन एकशे ऐंशी ग्रॅम.
दहिवाळ सराफ ती गुजरीतल्या दुकानात घेऊन गेले,
सोन्याच्या काट्यावर ठेवली, परत आले.
"एकशे सत्त्याहत्तर. घट आहे."
तिथून पुढं कंपनी त्यांच्या मनातून उतरली ती उतरलीच.

कच्छवे म्हणाले, निळा बघा, हा तो निळा नाही.
मी म्हणालो, आपला उन्हानं उडालेला निळा आहे, कच्छवे.

आत एक पुस्तिका. पहिल्यांदाच वादकांची नावं,
मुंगीएवढ्या टायपात.
लोलगे सिस्टर चष्मा वर सरकवून
चेलोवाल्या चौघांवर बोट फिरवत राहिल्या,
केसपेपरवर फिरवतात तसं.
"यातला कोण असेल हो?"

दुसरी बाजू, तिसरा तुकडा.
चेलो पायऱ्या उतरल्यासारखा खाली येतो, थांबतो,
आणि त्या थांबण्यात जुन्या तबकडीवर
कुणीतरी खोकतं.
एकदाच. मूठ तोंडावर धरून.

सिव्हिल हॉस्पिटल, क्षय वॉर्ड, एकतीस वर्षं:
सिस्टरांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच सांगितलं होतं,
"कोरडा आहे. बरेच दिवस दाबलेला.
याचा फोटो काढायला पाहिजे होता."
तेव्हापासून तो आमचा पेशंट.
सुई टेकवण्याआधी कुणीतरी विचारणारच,
कसा आहे आज?
पावसाळ्यात तबकडीला बुरशी धरली
तर त्याचीच काळजी जास्त.

नव्यात तो नाही.
चेलो उतरला, थांबला.
तिथं घासून पालथ्या घातलेल्या भांड्यासारखी शांतता,
आणि मग चेलो पुन्हा चालू, जणू काही झालंच नाही.

"लाइन क्लिअर झाली," कच्छवे म्हणाले, खूश होते अगदी.
"पूर्वी ट्रंक कॉलवर किती खरखर असायची, आठवतं?
आता माणूस कानात बोलायलाय."
दहिवाळ म्हणाले, "तीन ग्रॅम कुठं गेले ते कळलं."
सिस्टर म्हणाल्या, "म्हणजे बरा झाला म्हणायचा का, का"
आणि पुस्तिका मिटून पर्समध्येच टाकली.
ती वर्गणीची होती, पण कुणी बोललं नाही.

मी काय म्हणालो आठवत नाही.
बहुतेक स्पीकरच्या वायरबद्दल काहीतरी.

दस्तगीरभाई सुईकडं बघत होते,
मशीनमध्ये दोरा ओवताना बघतात तसे.
"फिरसे लगाव."

लावली.
चेलो उतरला. थांबला.
दस्तगीरभाई खोकले.

बरोब्बर त्या जागी, ना आधी ना नंतर,
मूठ तोंडावर धरून.
बाहेर वसमतची एसटी हॉर्न देत वळली.
दुकानात कुणी हसलं नाही.
कच्छवे सुद्धा नाही.

तुकडा पूर्ण संपेपर्यंत सिस्टर गप्प होत्या.
मग मान न वळवता म्हणाल्या,
"तुमचा ओला आहे. किती दिवसांपासून?
उद्या नऊला ओपीडीत या. मी असते तिथं."
"तुम्ही तो रिटायर होऊन छे साल हुए."
"मी असते म्हणाले ना.
आणि कुणीतरी ती सुई उचला, घासायली."