अंजिराचे फाटे

इमारत पाडायची तारीख ठरली.
करारात पार्किंग होतं, लिफ्ट होती,
कार्पेट एरियाचे तीन परिच्छेद होते.
सी विंगमागचं अंजीर नव्हतं.

रात्रपाळीचे झेंडेमामा, मूळचे दिव्याचे, म्हणाले,
झाड काही राहत नाही. फाटे घ्या.
पेन्सिलीएवढे जाड, वीतभर लांब.
कोवळे नकोत, कुजतात नुसते.
साल राखाडी झालेली बघा.

जानेवारी. एरंडवण्यात आठ वाजताही स्वेटर.
झाडाला पान नाही एक.
खाली आडवा काप, डोळ्याला लागून.
वर तिरका, पाणी थांबू नये,
आणि वरचं टोक कुठलं ते कळावं म्हणून.
“माणूस विसरतंय,” मामा म्हणाले,
“फाट्याला ठावं असतं.”

चीक बोटांवरून रात्रीपर्यंत निघाला नाही.
जेवताना घास कडू.

सत्तावीस फाटे. ओल्या गोणपाटात एक रात्र,
मग दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांत, मातीत निम्मी वाळू.
दोन डोळे आत, दोन बाहेर.
टेम्पो भरत होते त्यांच्या हातात एकेक ठेवला.
नलावडे उंड्रीला गेले, सिक्वेराबाई वानवडीला.
ओसवालांनी घेतला नाही,
त्यांच्या भाड्याच्या घराला गॅलरीच नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात माझ्याला पान आलं.
बाळमुठीएवढं. मी ग्रुपवर फोटो टाकला.
लगेच मामांचा फोन:
ओढून नाही ना पाहिलं?
पानावर जाऊ नका.
काडी स्वतःचंच साठवलेलं खाते आणि पान काढते.
मूळ मागनं येतं. आलं तर.

नाही, म्हटलं.

पाहिलं होतं. दोनदा.
रविवारी पान मिटलं, बुधवारी काडी काळी.

मार्चमध्ये उंड्रीला गेलो, निमित्त चहाचं.
नलावड्यांकडे दोन जगले होते
(ओसवालांचाही त्यांनीच नेला होता).
एक दिला. काही विचारलं नाही.

मामा म्हणतात, हे त्याचं पोर नव्हे, तेच झाड.
म्हणजे बत्तीस वर्षांचं,
अर्ध्या लिटरच्या पिशवीत, वॉशिंग मशीनशेजारी.
सी विंगच्या जागी खड्डा आहे,
पत्र्याच्या फटीतून दिसतो.

पाणी घालतो. हात लावत नाही.
परवा फरशी पुसताना
पिशवीच्या भोकातून काहीतरी बाहेर आलेलं दिसलं,
पांढरं, दोऱ्यासारखं.
फडकं तिथूनच वळवून घेतलं.