एक टिंब जास्त

तहसील कचेरीच्या फाटकाशी, पिंपरणीखाली
माझं टेबल. त्याचा एक पाय विटेवर.
बावीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली,
आता अर्ज टाइप करतो, पानाला तीस रुपये.

शब्द उसवून बघायची खोड मात्र गेली नाही.
रयत अरबीतून आली : राखणीतलं,
चरायला सोडलेलं खिल्लार.
प्रजा म्हणजे लेकरं. राजा बाप,
आणि बापाला विचारायचं नसतं, कुठं निघालात.
नागरिक तेवढा नगरातला,
बोलण्यात चतुर, अंगाला चंदन चोपडणारा;
जुन्या पोथ्यांत कुठं कुठं तर चक्क कोतवाल.

परवा वेसाव्याहून गोमाबाय लडगे आल्या.
सोबत नात. तिला नर्सिंगला जायचंय,
दाखला हवा : वय, राष्ट्रीयत्व, अधिवास.
"मुंबईत कधीपासून राहता?"
रिकामी पाटी टेबलाखाली सारत म्हणाल्या,
"तुजी मुंबय कवापासून हाय?"

मी त्या रकान्यात 'जन्मापासून' लिहिलं.
पुढं, अर्जदार ही भारताची… आणि बोट घसरलं.
नातीनं वाचलं, फिस्सकन हसली,
"आजी, यांनी मला नांगरिक केलं!"

मी पांढऱ्या शाईची बाटली शोधू लागलो.
बाईंनी मनगट धरलं. हाताला करंदीचा वास.
"रवू दे. बरोबर हाय.
तुफानात होरी नांगरावरच उभी रवते.
दोर करकरतो, हात सोलतो,
पन जागा सुटत नाय.
तुमचा नगर आला मागनं.
आमचा नांगर आदीच पडलेला."

साहेबाला असलं टिंब चालत नाही.
मी नवं पान चढवलं, त्याचे पैसे घेतले नाहीत.
चुकलेलं पान नातीनं चौघडी घालून
आधार कार्डामागं सरकवलं.

माझे वडील खटावकडे
दुसऱ्याच्या रानात नांगर धरायचे.
तो दुसरा नांगर. तो चालता असतो,
एका जागी थांबला की गंजतो.
मी चौदाव्या वर्षी इथं आलो.
आजवर नऊ खोल्या झाल्या, नऊ पत्ते,
प्रत्येक कागदावर माझ्या नावापुढं
नागरिक, अगदी बिनचूक.

संध्याकाळी यंत्रावर कापड टाकताना
त्या कळीवर बोट टेकलं,
दाबलं नाही.