ओहोटीच्या आधी

दर सहा महिन्यांनी आमची लाँच
चिलोएजवळच्या या एवढ्याशा बेटाला लागते.
खुर्ची एक, दिवा एक, आरसे सात,
डॉक्टर फ्रेसिया, आणि आकडे लिहिणारा मी.
साडेतीनला ओहोटी लागली की निघावंच लागतं,
नाहीतर लाँच चिखलात बसते म्हशीसारखी.

धक्क्यावर चौदा माणसं.
येतात, आ करतात,
"दुखत नाही ना काही?" "नाही."
की सुटले,
जकात नाक्यावर पिशवी उघडून दाखवावी तसे.

एदेल्मिरा चिगुआय पलीकडच्या खाडीतून
स्वतः वल्हवत आली.
शालीच्या आत पिठाच्या पिशवीचा फाडलेला कागद,
त्यावर सात प्रश्न,
आणि खिशात घरचा ब्रश,
वादळानंतरच्या गवतासारखा चहूकडे झोपलेला.
"असा झालाय बघा. म्हणजे मी जोर लावते ना?"
फ्रेसियानं ब्रश दिव्याखाली धरला
आणि सकाळपासून पहिल्यांदा हसली.

मग गोळ्यांची पाकिटं, रक्तदाबाची, मांडीवर पसरलेली.
रात्री जीभ टाळूला चिकटते, ती यांच्यामुळे का?
थुंकताना गुलाबी दिसतं,
तेव्हा घासणं थांबवू की चालूच ठेवू?

डॉक्टर मातेचं विचारणार हे ठाऊक होतं तिला,
म्हणून लिहूनच आणलं होतं:
दिवसाला अकरा वेळा, चुलीपाशी,
दर वेळी दोन चमचे साखर.
"मागच्या वेळी तीनदाच म्हणाला होतात," मी कार्डात पाहून बोललो.
"मागच्या वेळी लाजले.
दीड तास वल्हवायचं
आणि इथं येऊन खोटं बोलायचं?
खोटं काय, घरीही बोलता येतं."

मग आरसा मागितला.
"तोंड माझं, आणि आजवर
सगळ्यांनी पाहिलं, माझ्याशिवाय."

तीन, दोन, तीन. दोन, दोन, चार.
"चार म्हणजे?"
चार म्हणजे हिरडी सुटायला लागलीय, जराशी.
"कुठं? टोचून दाखवा."
तिनं जिभेनं ती जागा शोधली,
अंधारात काडेपेटी चाचपावी तशी,
आणि मान डोलावली.

कार्ड जुनं. पहिली नोंद अठ्ठ्याऐंशीची,
दुसऱ्याच कुणाच्या तिरक्या अक्षरात.
सव्वीस: नाही.
"तो दुकानदार ओहेदानं पकडीनं काढला.
वर मेंढीचं कातडं घेतलं."
छत्तीस: नाही.
"तो धाकटीच्या वेळी. दूध तिला, दाढ समुद्राला."
उरलेल्या एकोणीस दातांबद्दल
तिच्याकडे एकही गोष्ट नव्हती.

बाहेर कुणी ओरडलं, पाणी उतरतंय!
सहा प्रश्न खोडून झाले होते.
सातवा तिनं दुमडून मुठीत ठेवलेला.
"डॉक्टर, तुमचे कोण बघतं?"

फ्रेसिया हातमोजे काढता काढता थांबली.
चार वर्षं झाली, म्हणाली.
"तरीच डावीकडून चावत नाहीस तू."
तुम्हीचं तू कधी झालं, कळलंच नाही.
"मागच्या वेळी मिल्काओ दिला ना, तेव्हाच पाहिलं मी."

मला दात तपासायचा परवाना नाही.
दिवा धरायचा आहे.
डॉक्टर आपल्याच खुर्चीत आडवी झाली,
आरसा आपल्याच हातात, आ वासून,
आणि एदेल्मिरा कमरेवर हात ठेवून
विहिरीत डोकावावं तशी वाकली.
"ती बघ. काळी. बटाट्याच्या डोळ्याएवढी."
"अअतीस," फ्रेसिया म्हणाली.
सदतीस, मी लिहिलं.

निघालो तेव्हा लाँचचा तळ वाळूला घासत होता.
मी एक कोरं कार्ड घेतलं, वर तिचं नाव घातलं.
पुढची तारीख, हा रकाना
एदेल्मिराच्या कार्डावर आधीच भरला होता:
एप्रिल, बटाटे काढून झाल्यावर.
फ्रेसियानं पेन माझ्या हातातून ओढून घेतलं,
आपल्या कार्डावर लिहिलं, सोमवार,
आणि गरम मिल्काओचा तुकडा
उजवीकडे सारत राहिली.