ऐकण्याचं लायसन

पुस्तक तळहाताएवढं, खाकी पुठ्ठ्याचं.
दर पानावर पंधरा रुपयांचं तिकीट,
त्यावर खडकी पोस्टाचा गोल शिक्का.
एका वर्षी तो इतक्या जोरात मारलेला
की पुढच्या तीन वर्षांवर वळ उठलाय.

दादा दारूगोळा कारखान्यात फिटर.
गेटपास आणि रेडिओचं लायसन
एकाच रबरबँडात ठेवायचे.
कुणी विचारलंच, तर दोन्ही एकदम निघावेत.

एकदाच आला एक वायरलेसवाला इन्स्पेक्टर,
पँटीला सायकलची क्लिप तशीच.
म्हणाला, सेट लावून दाखवा.
दादांनी बटण फिरवलं. काटा एकतीस मीटरवर अडला
आणि शालन बोलायला लागली,
गव्हाच्या आयातीबद्दल.
हे कोण?
परदेशी स्टेशन आहे, साहेब.
मराठीत?
मराठीत.
चहा संपेपर्यंत तो ऐकत बसला.
आमची मुलगी आहे, हे दादांनी सांगितलं नाही.
तो वहीत लिहून गेला : संच चालू स्थितीत.

शालन तिकडे, बर्फाच्या राजधानीत,
सरकारी इमारतीच्या चौथ्या मजल्यावर
रोज पंधरा मिनिटं मराठी वाचायची.
करारनाम्यातलं कलम तिनं पत्रात उतरवून पाठवलेलं :
या सेवेचा कोणताही मजकूर
या देशाच्या नागरिकांच्या कानी पडू नये,
खर्च त्यांच्या करातून होत असला तरी.
टेप दाराबाहेर न्यायची नाही. कागदही नाही.
अँटेनासुद्धा म्हणे शहराकडे पाठ करून उभे.
तिथे मराठी कळणार होतं कुणाला?
पण कायदा भाषा विचारत नाही.
घरमालकीण विचारायची, तू काम काय करतेस गं?
शालन म्हणायची, बोलते.

दादांना त्यातलं एवढंच कळलं,
की पोरीला स्वतःचा आवाज ऐकायला मिळत नाही.
तेव्हापासून ते रिपोर्ट लिहू लागले
स्टेशनच्याच छापील फॉर्मवर, खाली कार्बन घालून.
ताकद : चार. व्यत्यय : तीन.
शेरा : निवेदिका वेळेवर जेवत नसावी.
शेवटच्या वाक्याला आवाज खाली बसतो.

नोकरांनी नातेवाइकांना हवेतून निरोप द्यायचा नाही,
असाही एक नियम.
श्रोत्यांची पत्रं वाचायला मात्र मुभा.
तर एका रविवारी :
‘खडकी, पुणे इथून आमचे नियमित श्रोते
श्री. दौलत रणपिसे लिहितात...’
आईनं भरभरणारा स्टोव्ह बंद केला.
‘त्यांच्या सूचनेची विभागानं नोंद घेतली असून
अंमलबजावणी सुरू झाली आहे.’
दादा कुणाकडेच न बघता म्हणाले,
जेवतेय.

मग इकडचं लायसन रद्द झालं.
तरी डिसेंबरात दादा पोस्टात गेलेच.
कारकून म्हणाला, काका, आता फुकट.
पंधरा रुपये परत आणून त्यांनी सेटवर ठेवले,
दोन दिवस तिथंच होते.
मग मी ऐकतोय, याची नोंद कुठं?

तिकडच्या संसदेनं मराठीची पंधरा मिनिटं
खर्चाच्या एका ओळीत कापली.
आणि कितीतरी वर्षांनी, शालन परत येऊन म्हातारी झाल्यावर,
तो कायदाही बदलला :
नागरिकांना आता ऐकता येईल.
जे काय उरलंय ते.

हल्ली ती माझ्याकडे असते, रेंजहिल्सला.
नातीनं मोबाइलवर खूप शोधलं,
आत्याआजीचा एक शब्द सापडला नाही.
आवाज शिल्लक आहे तो
दादांच्या एकशे बारा कार्बन कॉप्यांत, निळा, फिकट.

काल दुपारी ती त्या वाचत होती,
मोठ्यानं, बातम्यांचा जुना सूर लावून.
ताकद : चार. व्यत्यय : तीन.
मी शेवटच्या वाक्याला मुद्दाम कान दिला.

अजून बसतो.