दुधाच्या थंड खोलीत

आज शनिवार नाही, दुपारचे बारा वाजलेले नाहीत,
म्हणजे भोंग्याची ही तालीम नव्हे.
औषधांच्या खिडकीचं शटर अर्ध्यावर ओढून
मी बाहेर पाहिलं.
मुका मार उतरताना कातडी हिरवी पडते
तसं आभाळ, ओक्लाहोमा सिटीच्या नैऋत्येला,
आणि पार्किंगमधल्या रिकाम्या ट्रॉल्या
आपोआप निघालेल्या, ओळीने,
घाई न करता.

"सगळ्यांनी मागे या, दुधाच्या खोलीत,"
योलांडा माइकवर म्हणाली,
दूध आज स्वस्त झालंय अशा आवाजात.

एकवीस माणसं. तपमान अडतीस.
आमच्याकडे अडतीसला माणूस सावली शोधतो,
इथल्या मापाने अडतीसला दूध टिकतं.
डेलबर्टने मटणाच्या विभागातला पांढरा कोट काढून
एका बाईच्या खांद्यावर टाकला, डागांसकट.
मिसेस हकबींचा प्राणवायूचा सिलिंडर
म्हाताऱ्या कुत्र्यासारखा त्यांच्या पायाशी.
कॉर्बिन नावाचा एक बाप केक घेऊन उभा.
लेकीच्या नावात एक अक्षर चुकलं होतं,
भांडायला आला होता.
आता खोकं छातीशी धरून
ते चुकलेलं नाव पोटाशी घेतल्यासारखा.

कुणाच्या तरी फोनवर हवामानवाला
रस्त्यांची नावं घेत होता, हजेरी घ्यावी तशी,
आणि आमचा नंबर जवळ येत होता.

याला काय म्हणू?
वावटळ म्हणावं तर ती अंगणातली,
पाचोळा आणि एखादं वाळत घातलेलं फडकं नेणारी.
आम्ही पोरं तिच्यावर थुंकायचो आणि पळायचो.
हिच्यावर थुंकायला
तोंडात ओल नव्हती.

मग वीज गेली.
पंखे थांबले, आणि तेव्हा कळलं
की इतका वेळ ते फिरत होते.
कान दडे बसल्यासारखे गच्च.
छताच्या पत्र्यावर गारा,
आणि गारांच्या मागे एक दुसरा आवाज,
खालच्या पट्टीतला, न थांबणारा.
मिसेस हकबींनी माझं मनगट धरलं.
मी म्हणाले, मराठीत, मोठ्याने,
टळू दे. टळू दे. इडा पिडा टळू दे.
त्या म्हणाल्या, आमेन.

टळली.
हायवे ओलांडून ईशान्येला वळली.
दार उघडलं तेव्हा उजेड धुतलेला,
पार्किंगमध्ये अंड्याएवढ्या गारा,
आणि कॉर्बिन हसत, रडत
सगळ्यांना केक कापून देत होता
दूध मोजण्याच्या पट्टीने.
मीही खाल्ला. गोड होता.
रात्री बातम्यांत म्हणाले, शहर वाचलं.

आई मीठ-मोहरी ओवाळायची आमच्यावरून
आणि अंधारात तिठ्यावर टाकून यायची,
मागे वळून न पाहता.
सकाळी त्या तिठ्यावरून कोण जात असेल,
हे मी तिला कधी विचारलं नाही.

टळणं म्हणजे नाहीसं होणं नव्हे.
ते वळतं. जिथे वळतं
तिथेही एक पत्ता असतो.

सीडर बेंड, चाकांवरच्या घरांची वस्ती,
प्लॉट चौदा.
ही अक्षरं मी रोज वाचते,
कागदी पिशवीवर, 'एच'च्या खणात:
रक्तदाबाच्या तीस गोळ्या, रोज एक, जेवणानंतर.
त्या दिवशी दुपारी मीच फोन केला होता,
तयार आहे, घेऊन जा.
ती म्हणाली, बाई, आभाळ भरलंय,
उद्या येते.

दहा दिवसांत कुणी नेलं नाही तर
औषध परत कपाटात टाकायचं असतं,
पिशवी फाडून, नाव काढून.
आज अकरावा.
योलांडाने एकदा पाहिलं खणाकडे,
एकदा माझ्याकडे,
आणि दुधाच्या तारखा तपासायला
मागे निघून गेली.